चीनशी व्यापार: अमेरिका आणि युरोप वेगवेगळ्या वाटांनी का चालतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागतिक व्यापारावर मराठीतून बोलताना गेली काही वर्षं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे थोडक्यात सांगितलं असतं, तर चुकीचं सांगितल्यासारखं झालं असतं.

अमेरिका आणि युरोप दोन्ही 'पाश्चात्त्य'. मग चीनबाबत त्यांच्यात फरक तो काय?

अमेरिका चीनकडे पाहताना आधी ताकदीचा हिशेब मांडते. तंत्रज्ञानात, लष्करात, कारखानदारीत उद्या वरचढ कोण असेल, हा तिचा पहिला प्रश्न. युरोपीय महासंघ आधी नियमाचं पुस्तक उघडतो. चीनचं सरकार आपल्या कंपन्यांना जो पैसा पुरवतं तो ठरलेल्या चौकटीत बसतो का, आणि बसत नसेल तर किती शुल्क लावलं म्हणजे बरोबरी होईल, हा त्याचा पहिला प्रश्न.

पण एवढ्यावर थांबलं तर वाटेल की हा स्वभावातला फरक आहे. मला तसं वाटत नाही. माझ्या मते हा फरक अनुभवातून आला. स्वस्त चिनी मालाचा घाव अमेरिकेच्या कामगाराला आधी बसला, तोही अंगावर पांघरूण नसताना. त्याच काळात जर्मनी चीनला यंत्रं आणि मोटारी विकून श्रीमंत होत होता. आता तोच घाव जर्मनीवर आला आहे आणि युरोपची भाषाही कडक होऊ लागली आहे. खालची बरीच उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. त्याने एवढं काय बदललं?

तारीख ११ डिसेंबर २००१. पण अमेरिकेपुरता खरा बदल त्याआधी झाला होता. तोवर चीनला मिळणारे नेहमीचे कमी आयात शुल्काचे दर अमेरिकेत दरवर्षी नव्याने मंजूर व्हायचे. मंजुरी मिळायची, पण टांगती तलवार कायम असायची. पुढच्या वर्षी दर एकदम वाढले तर काय, या भीतीने अमेरिकी कंपनी आपला कारखाना उचलून चीनमध्ये नेताना दहा वेळा विचार करायची. २४ मे २००० रोजी प्रतिनिधिगृहाने २३७ विरुद्ध १९७ मतांनी हे दर कायमचे द्यायला मान्यता दिली, ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली, आणि ती भीती गेली.

युरोपने मात्र चीनला हे दर १९८० पासूनच कायमचे दिलेले होते. म्हणजे २००१ मध्ये अमेरिकेत बांध फुटला, युरोपात पाणी आधीपासून हळूहळू झिरपत होतं. हा तपशील छोटा वाटतो, पण पुढचं बरंच काही त्यातून उलगडतं.

'चायना शॉक' म्हणतात तो नेमका काय?

डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. चिनी आयातीचा मार कोणत्या भागाला किती बसला, हे त्यांनी अमेरिकेचे स्थानिक रोजगार-विभाग पाडून तपासलं. उत्तर कॅरोलायनातला फर्निचरचा पट्टा, दक्षिणेतल्या कापडगिरण्या, खेळणी आणि चपला बनवणारी गावं. पुस्तकातलं अर्थशास्त्र सांगत होतं की एक धंदा बुडाला की माणूस दुसरं काम शिकेल, दुसऱ्या गावी जाईल. प्रत्यक्षात माणसं हलली नाहीत. घर कर्जात, मुलं शाळेत, म्हातारी आई शेजारच्या गल्लीत. माणूस जाणार कुठे? मजुरी घसरली, अपंगत्वाचे सरकारी भत्ते घेणारे वाढले आणि गावं रोडावत गेली.

अमेरिकेत २००० साली कारखान्यांमध्ये सुमारे १ कोटी ७० लाख नोकऱ्या होत्या, २०१० मध्ये त्या सुमारे १ कोटी १५ लाख उरल्या. हे सगळं चीनमुळे झालं असं म्हणणं चूक ठरेल. यंत्रमानव आले, २००८ ची मंदी आली. चिनी आयातीच्या खात्यावर संशोधकांनी १९९९ ते २०११ या काळातल्या २० ते २४ लाख नोकऱ्या मांडल्या आहेत, त्यांत कारखान्यांबाहेरच्या नोकऱ्याही धरल्या आहेत. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा कमी वाटेल. पण तो देशभर सारखा पसरला नाही, निवडक गावांवर कोसळला. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग असा धक्का युरोपला का बसला नाही?

बसला, पण सगळीकडे नाही. इटलीतलं प्रातो हे शतकानुशतकं लोकरीच्या कापडासाठी नावाजलेलं गाव. तिथे जुन्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि झटपट फॅशनचे कपडे शिवणारी हजारो चिनी मालकीची छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. पोर्तुगाल आणि स्पेनमधल्या चपला-कपड्यांच्या धंद्यालाही मार बसला. २००५ मध्ये कापडावरचे जुने कोटे संपले, युरोपने घाईघाईने नवे बसवले, आणि त्या उन्हाळ्यात कोट्यवधी चिनी कपडे युरोपच्या बंदरांत अडकून पडले.

जर्मनीचं चित्र उलटं होतं. चीनला कारखाने उभारायचे होते आणि त्यासाठी लागणारी यंत्रं जर्मनी बनवत होता. चिनी मध्यमवर्गाला मोटार हवी होती. फोक्सवॅगनने शांघायमध्ये भागीदारी १९८४ मध्येच केली होती. चीन आणि पूर्व युरोप यांच्याशी वाढलेल्या व्यापारामुळे जर्मनीत गेलेल्या नोकऱ्यांपेक्षा टिकलेल्या आणि नव्याने आलेल्या नोकऱ्या जास्त होत्या, असं जर्मन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. युरोपातल्या बहुतेक देशांत नोकरी गेली तरी दवाखाना जात नाही. जर्मनीत मंदी आली की कंपनी कामगाराला काढण्याऐवजी त्याचे तास कमी करते आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विमा भरून देतो. डेन्मार्कमध्ये काढून टाकणं सोपं आहे, पण काढलेल्याला भत्ता आणि नवं प्रशिक्षण मिळतं. जागतिकीकरणामुळे कामगार उघड्यावर पडले तर त्यांच्यासाठी म्हणून युरोपीय महासंघाने २००६ मध्ये स्वतंत्र निधीही ठेवला.

अमेरिकेत अशी योजना १९६२ पासून होती, केनेडी यांच्या काळातली. पण ती कायम तुटपुंजी राहिली आणि जुलै २०२२ मध्ये तिची मुदत संपली. मग नवे अर्ज मंजूर होणंच थांबलं. म्हणजे चीनविरुद्ध सगळ्यात कडक धोरण चालू असताना, चीनमुळे नोकरी गेलेल्या माणसाची योजना बंद पडली होती. मला याचं फार वाईट वाटतं.

अमेरिकेत अध्यक्ष एका सहीने टॅरिफ लावतात. युरोपात असं का होत नाही?

अमेरिकी राज्यघटनेत आयात शुल्काचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा आहे. पण काँग्रेसने वेगवेगळ्या कायद्यांनी तो बराचसा अध्यक्षांच्या हाती सोपवला. १९६२ च्या कायद्याचं कलम २३२ राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली शुल्क लावू देतं. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं २०१८ चं शुल्क त्यातूनच आलं. १९७४ च्या कायद्याचं कलम ३०१ दुसऱ्या देशाच्या अन्यायकारक व्यापारपद्धतीविरुद्ध वापरतात. जुलै २०१८ मध्ये ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर लागलेलं २५ टक्के शुल्क या कलमाखालचं. २०२५ मध्ये १९७७ चा आणीबाणीचा कायदा वापरला गेला आणि एप्रिलमध्ये चिनी मालावरचं त्या वर्षातलं नवं शुल्कच १४५ टक्क्यांवर गेलं. मे महिन्यात जिनिव्हात तह झाला आणि ते ३० टक्क्यांवर आलं.

युरोपात व्यापाराचा अधिकार सदस्य देशांकडून काढून ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगाकडे, म्हणजे महासंघाचा कारभार चालवणाऱ्या मंडळाकडे, दिलेला आहे. आयोग तक्रार घेतो, चौकशी करतो, कंपन्यांना प्रश्नावल्या पाठवतो, अधिकारी कारखान्यांत जाऊन वह्या तपासतात, मग शुल्क सुचवलं जातं आणि २७ देशांसमोर मताला येतं. वेळ लागतो. पण ठरलेलं शुल्क आठवड्याभरात बदलत नाही, आणि पाच वर्षांचं नियोजन करणाऱ्या कारखानदारासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

एखादं ठोस उदाहरण द्या. दोघांनी एकाच मालाला कसं वेगळं वागवलं?

इलेक्ट्रिक मोटारी.

अमेरिकेने मे २०२४ मध्ये जाहीर केलं की चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के शुल्क लागेल. सप्टेंबरमध्ये ते लागू झालं. तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर चिनी गाड्या जवळपास नव्हत्याच. ती भिंत पूर यायच्या आधी बांधली गेली. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये नियम आला की इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांमध्ये चिनी सॉफ्टवेअरही चालणार नाही. गाडी किती स्वस्त आहे हा मुद्दा तिथे राहिलाच नाही. गाडी म्हणजे चाकांवरचा कॅमेरा, आणि त्याची माहिती कुठे जाते, हा मुद्दा झाला.

युरोपने ऑक्टोबर २०२३ मध्ये चौकशी सुरू केली आणि ती वर्षभर चालली. कोणत्या कंपनीला स्वस्त कर्ज, स्वस्त जमीन, स्वस्त बॅटरी किती मिळाली, याचा हिशेब झाला. ऑक्टोबर २०२४ अखेर निघालेले दर पाहा: बीवायडी १७ टक्के, जीली १८.८ टक्के, चौकशीला सहकार्य न करणाऱ्या सैकला ३५.३ टक्के. शांघायमध्ये गाड्या बनवणाऱ्या टेस्ला या अमेरिकी कंपनीला ७.८ टक्के. हे सगळं आधीच्या १० टक्क्यांवर. दर कंपनीला निराळा, दशांश चिन्हासकट! त्या दशांश चिन्हातच युरोपचा सगळा दृष्टिकोन आहे: शिक्षा करायची नाही, मिळालेल्या अनुदानाएवढंच वजन दुसऱ्या पारड्यात टाकायचं.

आता मतदान बघा. दहा देश बाजूने, पाच विरोधात, बारा तटस्थ. विरोध करणाऱ्यांत जर्मनी होता. ज्याच्या मोटारींना वाचवायला शुल्क लावायचं, तोच विरोधात, कारण त्याच्या कंपन्यांची मोठी कमाई चीनमध्ये होती आणि चीन बदला घेईल ही भीती होती. चीनने खरोखरच युरोपची ब्रँडी, डुकराचं मांस आणि दुग्धपदार्थ यांच्या चौकशा सुरू केल्या.

२७ देश चीनपुढे एका आवाजात का बोलत नाहीत?

प्रत्येकाच्या चुलीवर वेगळं शिजतंय म्हणून. ग्रीस कर्जाच्या संकटात असताना चीनच्या कॉस्को कंपनीने पिरियस बंदरात ५१ टक्के हिस्सा घेतला, २०२१ मध्ये तो ६७ टक्के झाला. त्याच ग्रीसला युरोपातल्या श्रीमंत देशांनी बंदरं विका, मालमत्ता विका असं सांगितलं होतं. मग विकत घेणारा चिनी निघाला तर दोष फक्त ग्रीसला देणं मला पटत नाही. हंगेरीत डेब्रेत्सेनला चीनच्या सीएटीएलचा बॅटरी कारखाना आणि सेगेदला बीवायडीचा मोटार कारखाना उभा राहिला, त्यामुळे बुडापेस्टचं मत कुठे झुकेल हे उघड आहे.

दुसऱ्या टोकाला लिथुआनिया. त्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये तैवानला राजधानी विल्निअसमध्ये 'तैवानी' या नावाने कार्यालय उघडू दिलं. तैवानला आपलाच भाग मानणाऱ्या चीनच्या कस्टम्सच्या यादीतून लिथुआनिया जवळजवळ गायबच झाला. लिथुआनियन भाग असलेला जर्मन मालसुद्धा अडकू लागला. त्यातून युरोपने धडा घेतला. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेला जबरदस्तीविरोधी कायदा सांगतो की एका सदस्य देशाला व्यापारातून वेठीला धरलं, तर सगळे मिळून उत्तर देऊ शकतात. लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत आहे. एवढ्या लहान देशाने एकट्याने चीनपुढे उभं राहायचं म्हणजे काय, हे लक्षात घेतलं की महासंघ कशासाठी असतो ते कळतं.

'भागीदार, स्पर्धक, प्रतिस्पर्धी' हे एकाच वेळी कसं शक्य आहे?

मार्च २०१९ च्या एका दस्तऐवजात युरोपीय आयोगाने चीनला वाटाघाटीतला भागीदार, आर्थिक स्पर्धक आणि व्यवस्थेचा प्रतिस्पर्धी असं तिहेरी नाव दिलं. काहींना ही पळवाट वाटते. मला ते वास्तवाचं प्रामाणिक वर्णन वाटतं. हवामानाबद्दल चीनशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही, मोटारींत त्याच्याशी शर्यत आहे, आणि राज्य कसं चालवावं याबद्दल दोघांचं जमत नाही.

ही तारेवरची कसरत कोसळलेलीही आपण पाहिली. ३० डिसेंबर २०२० रोजी युरोप आणि चीन यांच्यात गुंतवणुकीचा मोठा करार तत्त्वतः ठरला. बायडेन यांचा शपथविधी तीन आठवड्यांवर होता आणि वॉशिंग्टन नाराज झालं. मार्च २०२१ मध्ये शिंजियांगमधल्या उइगूर मुस्लिमांच्या छळावरून युरोपने काही चिनी अधिकाऱ्यांवर निर्बंध लावले, चीनने त्याच दिवशी युरोपीय संसदेच्या सदस्यांवर लावले. मे महिन्यात संसदेने ५९९ विरुद्ध ३० मतांनी करारावरचं काम गोठवलं. तो आजतागायत लागू झालेला नाही.

'डी-कपलिंग' आणि 'डी-रिस्किंग' यांत फरक काय? की नुसता शब्दांचा खेळ?

पहिला शब्द म्हणजे फारकत, दुसरा म्हणजे धोका कमी करणं. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी मार्च २०२३ मध्ये ब्रुसेल्समधल्या भाषणात दुसरा शब्द पुढे आणला. चीनपासून तुटणं शक्यही नाही आणि युरोपच्या हिताचंही नाही, पण औषधं, बॅटऱ्या, खनिजं यांत एकाच दारावर अवलंबून राहणं धोक्याचं, असा त्याचा अर्थ. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जेक सलिव्हन यांनी तोच शब्द उचलला आणि 'छोटं अंगण, उंच कुंपण' ही आपली प्रतिमा जोडली. मे २०२३ मध्ये हिरोशिमात जी-७ देशांनीही तोच शब्द वापरला.

शब्द एक झाला तरी अंगण किती मोठं यावर मतभेद राहिलेच. चिप बनवणारी सगळ्यात प्रगत यंत्रं नेदरलँड्समधल्या फेल्डहोव्हन गावची एएसएमएल कंपनी बनवते. त्या दर्जाची यंत्रं जगात दुसरं कोणी बनवत नाही. अमेरिकेने ७ ऑक्टोबर २०२२ रोजी चीनला जाणाऱ्या प्रगत चिप आणि चिप-यंत्रांवर निर्बंध लावले आणि नेदरलँड्सवर दबाव आणला. पुढच्या वर्षी डच सरकारने आपलेही परवान्याचे नियम कडक केले. युरोपातल्या अनेकांच्या मनात तेव्हा सल राहिला की आपल्या कारखान्याचं गिऱ्हाईक कोण असावं, हे वॉशिंग्टन ठरवतंय. तो सल मला रास्त वाटतो, जरी तो निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्य असला तरी.

युरोपचा मऊपणा कधी महागात पडला का?

हो. सौर पॅनेल.

सूर्यापासून वीज घेण्याला जर्मनीने २००० च्या कायद्याने हमीभाव दिला आणि जगातला सौर बाजार अक्षरशः उभा केला. पूर्व जर्मनीतल्या बिटरफेल्डजवळची क्यू-सेल्स ही कंपनी २००८ च्या सुमारास सौर सेलच्या उत्पादनात जगात पहिली होती. मग चिनी पॅनेल आली, सरकारी बँकांच्या स्वस्त कर्जावर उभ्या राहिलेल्या प्रचंड कारखान्यांतून. २०१२ मध्ये क्यू-सेल्स दिवाळखोरीत गेली आणि कोरियन मालकाकडे गेली. त्याच वर्षी अमेरिकेने चिनी सौर मालावर शुल्क लावलं. युरोपही लावायला निघाला होता, पण चीनने युरोपीय वाइनची चौकशी काढली, जर्मनीने शुल्काला विरोध केला, आणि २०१३ मध्ये किमान किमतीच्या तडजोडीवर प्रकरण मिटलं. २०१८ मध्ये तेही बंधन गेलं. बॉनची सोलरवर्ल्ड ही कंपनी त्याआधीच, २०१७ मध्ये, दिवाळखोर झाली होती. आज युरोपात येणारी बहुतेक सगळी सौर पॅनेल चीनमधून येतात.

एक बाजू मात्र सांगायलाच हवी. स्वस्त पॅनेलमुळे युरोपच्या छपरांवर सूर्य आला, तो इतक्या लवकर एरवी आला नसता. बिटरफेल्डच्या कामगाराचं नुकसान आणि घराच्या छपरावर वीज बनवणाऱ्या कुटुंबाचा फायदा, दोन्ही खरे आहेत. मोटारींच्या वेळी युरोपने चौकशीची घाई केली ती याच आठवणीने.

आणि अमेरिकेचा कडकपणा कितपत फळला?

मिश्र. २०१८-१९ च्या टॅरिफचा भार जवळजवळ पूर्णपणे अमेरिकी आयातदार आणि ग्राहकांवर पडला, असं त्यावेळच्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासांत दिसलं. जानेवारी २०२० च्या करारात चीनने दोन वर्षांत २०१७ च्या पातळीपेक्षा २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी कबूल केली होती. प्रत्यक्ष खरेदी ठरलेल्या एकूण आकड्याच्या साठ टक्क्यांपर्यंतही पोचली नाही. चीनबरोबरची वस्तूंची व्यापारतूट २०१८ मध्ये सुमारे ४१८ अब्ज डॉलर होती, ती २०२४ मध्ये सुमारे २९५ अब्जांवर आली. पण २०२३ मध्ये अमेरिकेला माल पुरवण्यात मेक्सिको चीनच्या पुढे गेला, व्हिएतनाम वाढला, आणि तिथून येणाऱ्या मालाच्या पोटात चिनी सुटे भाग असतातच.

तरीही कडकपणा फुकट गेला असं मी म्हणणार नाही. अमेरिकेने आवाज चढवला नसता, तर युरोप आपल्या अवलंबित्वाकडे इतक्या लवकर वळला असता असं मला वाटत नाही.

दुर्मिळ मृदा खनिजांवरून दोघांची वाट कशी वेगळी दिसते?

मोटारी, पवनचक्क्या, क्षेपणास्त्रं यांतल्या ताकदवान चुंबकांना ही मूलद्रव्यं लागतात. त्यांच्या शुद्धीकरणात चीनचा वाटा सुमारे नव्वद टक्के. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. रोख अमेरिकेवर होता, पण युरोपातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांच्याही काही लाइन बंद पडल्या.

युरोपने त्याआधीच, २०२४ मध्ये, कायदा केला होता. २०३० पर्यंत महत्त्वाच्या कच्च्या मालापैकी १० टक्के खाणकाम, ४० टक्के प्रक्रिया आणि २५ टक्के पुनर्वापर महासंघात व्हावा, आणि कोणत्याही टप्प्यावर एका बाहेरच्या देशावर ६५ टक्क्यांहून जास्त भिस्त नसावी. उद्दिष्टं नेमकी, पण खाण कोण खणणार आणि पैसा कोण घालणार हे ढिलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण चालवणाऱ्या एमपी मटेरियल्स कंपनीत थेट ४० कोटी डॉलर गुंतवले आणि दहा वर्षांसाठी किलोला ११० डॉलर हमीभाव दिला. खासगी बाजाराचा जयघोष करणारी अमेरिका हमीभाव देते आणि युरोप टक्केवारी लिहितो. इथे अमेरिकेची वाट मला सरस वाटते. चीन भाव पाडून प्रतिस्पर्धी मारतो, त्यावर हमीभावाखेरीज इलाज नाही. उसाच्या एफआरपीसाठी झगडलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

सक्तीच्या मजुरीचं काय?

अमेरिकेच्या कायद्यानुसार जून २०२२ पासून शिंजियांगचा कोणताही माल सक्तीच्या मजुरीतूनच आला असं गृहीत धरलं जातं; तसं नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. युरोपचा २०२४ चा कायदा कोणत्याही प्रदेशाचं नाव घेत नाही, पुरावा अधिकाऱ्यांनी शोधायचा, आणि तो डिसेंबर २०२७ पासून लागू होणार. या एका बाबतीत युरोपचा सावधपणा मला खटकतो. ज्या प्रदेशात बाहेरच्या तपासनिसाला मोकळेपणाने फिरता येत नाही, तिथला पुरावा मागणं म्हणजे न्याय पुढे ढकलणं.

अमेरिका आणि युरोप चीनविरुद्ध एकत्र का येत नाहीत?

एकमेकांशी भांडण्यात वेळ जातो. २०१८ मध्ये अमेरिकेने युरोपच्या पोलादाला 'राष्ट्रीय सुरक्षेला धोका' ठरवलं. युरोपने उत्तरादाखल बर्बन व्हिस्की आणि हार्ले-डेव्हिडसनवर शुल्क लावलं. २०२२ च्या अमेरिकी कायद्याने इलेक्ट्रिक गाडीवर साडेसात हजार डॉलरची करसवलत दिली, पण गाडी उत्तर अमेरिकेत जोडलेली हवी. युरोपात बनलेल्या गाड्या बाहेर राहिल्या. जुलै २०२५ मध्ये स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीत ठरलं की युरोपच्या बहुतेक मालावर अमेरिका १५ टक्के घेणार.

जागतिक व्यापार संघटनेतही असंच. तिथल्या अपील मंडळावर नवे न्यायाधीश नेमायला अमेरिका नकार देत राहिली आणि डिसेंबर २०१९ पासून ते बंद पडलं. युरोपने २०२० मध्ये काही देशांबरोबर पर्यायी अपील व्यवस्था उभी केली. त्यात चीन आहे, अमेरिका नाही.

पण पोलादात युरोप आता अमेरिकेच्या जवळ सरकतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने पोलाद आयातीचे कोटे जवळपास निम्मे करून त्यावरच्या मालावर ५० टक्के शुल्काचा प्रस्ताव मांडला. दर तोच, जो अमेरिकेने त्याच जूनमध्ये लावला होता.

आपल्याला, म्हणजे महाराष्ट्राला, याच्याशी काय देणंघेणं?

युरोपची भिंत शुल्काची कमी आणि नियमांची जास्त असते, हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला कोणी सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि शेतकरी कर्जात बुडाले. २०१४ मध्ये फळमाशीमुळे हापूसला युरोपने काही महिने दार बंद केलं. पण ते दार कशाने उघडतं हेही लिहिलेलं होतं. रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी, बागेची नोंदणी, प्रक्रिया सुधारली आणि माल पुन्हा जाऊ लागला. जानेवारी २०२६ पासून पोलाद आणि ॲल्युमिनियमवर युरोपचं कार्बन शुल्क, म्हणजे माल बनवताना हवेत सोडलेल्या कार्बनवरचं शुल्क, प्रत्यक्ष लागू झालं, तेही याच जातीचं. याउलट ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाच्या कारणावरून भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं, तेव्हा सोलापूरच्या टॉवेल बनवणाऱ्याला स्वतःच्या मालात सुधारण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि तळेगाव. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि तळेगावचा कारखाना फक्त निर्यातीसाठी चालू ठेवला. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तो घ्यायचं ठरवलं. एप्रिलमध्ये केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली. १५ जूनला ग्रेट वॉलने महाराष्ट्र सरकारशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला, आणि त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले. परवानगी आली नाही. २०२२ मध्ये सौदा मोडला, नंतर कारखाना ह्युंदाईने घेतला. मधल्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, उत्पादन बंद झालं आणि हजाराहून अधिक कामगार नुकसानभरपाईसाठी कोर्टाची पायरी चढत राहिले. चिनी गुंतवणूक थांबवण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. पण त्या निर्णयाची किंमत चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या ज्या घरांनी मोजली, त्यांच्यासाठी जर्मनीसारखा बुडालेल्या पगाराचा विमा नव्हता, डेन्मार्कसारखं प्रशिक्षण नव्हतं, आणि अमेरिकेतल्या त्या तुटपुंज्या योजनेसारखंही काही नव्हतं.